पंप बोलतो का

वाटणीत नवशाने शेत मागितलं नाही, घर मागितलं नाही, विहिरीकडेच्या आंब्याचंसुद्धा नाव काढलं नाही. "दाजींची विलायती मला द्या, बाकी सगळं दादाचं," एवढंच तो पंचांसमोर बोलला. टेमघरच्या पंचांना हसू आवरेना. पंचवीस वर्षांची जुनी गाडी, त्यात पेट्रोल असं महागलेलं, म्हणजे दारात हत्ती पोसायचा. रघूला मात्र हसू आलं नाही. धाकट्या भावाला तो 'घे' म्हणाला आणि पुढचे चार दिवस घरात कुणाशी धड बोलला नाही. गवताच्या धंद्यात बरकत होती तेव्हा दाजींनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, ठाण्याच्या एका डॉक्टरकडून ती बाटलीच्या हिरव्या रंगाची गाडी घेतली होती, पण तिचं सगळं केलं ते रघूने. पार्वतीला विचाराल तर लग्नाला बावीस वर्षं होऊन नवऱ्याने तिची स्वतःची एवढी विचारपूस कधी केली नव्हती. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. काही माणसांची माया अशी वाकड्या वाटेनेच जाते.

आज शुक्रवार, गाडी न्यायचा दिवस. तो ठरवला होता चंद्राने. चंद्रा ही नवशाची बायको, माहेर कशेळीचं, आणि ठाण्याच्या चाळीत बिऱ्हाड केल्यापासून तिचं पाऊल पंचांगावाचून उचलत नसे. साडेदहाला राहुकाळ लागतो, त्याच्या आत गाडी अंगणाबाहेर पडली पाहिजे, चाळीतल्या पाच बायका ओवाळायला थांबल्यात, असं तिने आल्या आल्या सांगून टाकलं. तिला कोण काय बोलणार? पार्वतीच्या लेकीची, तुळजाची सोयरीक तिनेच जमवली होती. मुलगा केसरीनाथ, चंद्राचा मामेभाऊ, कंपनीत कायमच्या नोकरीला. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली होती, म्हणजे पुरते चार आठवडेसुद्धा उरले नव्हते. त्यामुळे गेले दोन महिने पार्वतीने जावेचा शब्द खाली पडू दिला नव्हता.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती ह्या घरात फक्त दोघांना ठाऊक होती. रघूला ऐकू येत नव्हतं.

एका दिवसात गेलं नाही ते. नूर मोहम्मद शेटच्या यंत्रमागाच्या कारखान्यात त्याची अठरा वर्षं गेली. आधी लूमवर, मग जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेले लूम सरळ करायचं काम. गवताचा धंदा बसला तेव्हा नवशा शाळेत होता. त्याची शाळा, त्याचं ठाण्याचं कॉलेज, सगळं त्या खडखडाटातून निघालं. कारखान्यात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, तिथे सगळे हातांनी आणि ओठांनी बोलतात, म्हणून तिथे रघूचं काही अडलं नाही. अडलं ते घरी. वर्षापूर्वी पार्वतीने त्याला मागून तीन हाका मारल्या आणि तो आपला विडी ओढत बसून राहिला. चौथ्या खेपेला ती समोर जाऊन उभी राहिली. तेव्हा त्याच्या डोळ्यांत जी भीती तिला दिसली, ती तिने आधी कधी पाहिली नव्हती. गावात म्हणू लागले, रघूला जॉबरकी चढली, हाक मारली तर वळूनसुद्धा बघत नाही. म्हणोत बापडे. तुसडा म्हटलं तर चालतं, बहिरा म्हटलं तर चालत नाही, अशी वेळ होती ती.

कारण केसरीनाथच्या घरच्यांनी गेल्या वर्षी पूर्णा गावच्या एका मुलीशी ठरत आलेली सोयरीक मोडली होती. मुलगी नक्षत्रासारखी, पण तिची आत्या बहिरी निघाली. "रक्तात उतरतं ना ते, वयनी," चंद्रानेच वांगी चिरता चिरता सहज सांगितलं होतं. पार्वतीने घरी येऊन ते रघूच्या समोर बसून, ओठ नीट हलवून त्याला कळवलं. लूमच्या आवाजाने गेलेले कान रक्तात उतरत नाहीत हे दोघांनाही कळत होतं. पण समोरच्याला कोण पटवणार, आणि पटेपर्यंत तुळजा लग्न मोडलेली म्हणून गावभर होणार. रघूने तिला गळ्याची शपथ घातली. "तुलजा सासरी जाऊं दे," तो म्हणाला, "मंग सगल्या टेमघरात दवंडी पिट. माजं कय न्हाय."

तेव्हापासून कारखान्याची हातांची भाषा घरात आली, तीही तुळजाच्या नकळत. पार्वतीने कपाळाला बोट लावलं की दारात कुणीतरी आलंय, पदर झटकला की कुणी हाक मारतंय. गाडीचंही तसंच बसवलं होतं. ह्या विलायतीला विजेवर चालणारा पेट्रोलचा पंप. चावी फिरवली की बॉनेटखाली 'टिक टिक टिक' असा बारीक आवाज येतो, पेट्रोल वर चढलं की थांबतो. घरात त्याला 'पंप बोलतो' म्हणत. गाडी रुसली की दाजींचा पहिला प्रश्न तोच असे, पंप बोलतो का? बोलत असला तर दोष दुसरीकडे शोधायचा. रघूच्या कानांना ते बोलणं ऐकू येईनासं झाल्यावर पार्वती केर काढायच्या निमित्ताने मडगार्डापाशी उभी राहायची, कान लावायची आणि मान हलवायची. शेजारी भिंतीला भिंत लागून कारखाना, त्यामुळे कान अगदी जवळ न्यावा लागे.

सकाळी दहाला चंद्राने गाडीला हळदकुंकू वाहिलं. नवशा नवा टेरिलीनचा शर्ट घालून चाकापाशी बसला. त्याने चावी फिरवली आणि सेल्फ ओढला. इंजिन घरघरलं, पेटलं नाही. पुन्हा ओढला. पुन्हा तेच.

"आज कय जालं हिला?" रघूने बॉनेट उघडलं. "काल तं नदीनाक्यापावेतो जाऊन आली."

पार्वती हातात ओवाळणीचं तबक घेऊनच मडगार्डापाशी आली. ती वाकणार तोच मागून चंद्राने विचारलं, "वयनी, नारल काडलाव का? का ऱ्हायला घरात?" पार्वतीने मान हलवली. काढून ठेवला होता तिने, उंबऱ्यावरच. "मंग आना ना लवकर," चंद्रा म्हणाली, म्हणून ती तशीच मागे फिरली. रघू बॉनेटच्या पलीकडून तिच्याकडेच बघत होता.

"दादा, पंप बोलतोय?" नवशाने आतून विचारलं. त्याचे ओठ काचेतून रघूला दिसत होते, आणि नसते दिसले तरी ह्या घरात पहिला प्रश्न कोणता असतो हे त्याला सांगायला नको होतं.

"बोलतो," रघू म्हणाला.

नारळ उचलताना पार्वतीने ते ऐकलं. तिला वाटलं, ह्यांनी बोट लावून पाहिलं असेल. पंपावर बोट ठेवलं तर धडधड कळते म्हणा. ती त्याच्या भरवशावर राहिली आणि तो तिच्या. संसारात हे असं चालतं, म्हणूनच तो चालतो.

मग शोधाशोध सुरू झाली. भोंगा वाजवून पाहिला, तो गल्लीभर घुमला, म्हणजे बॅटरी ठीक. रघूने चारही प्लग काढले, पॉलिश पेपरने घासले, एकेक इंजिनावर टेकवून नवशाला सेल्फ ओढायला लावला. ठिणगी नीट उडत होती. नवशाने कार्बोरेटर उघडला तर आत थेंबभर पेट्रोल नाही. "पंप बोलतोय आन पेट्रोल येत न्हाय," रघू म्हणाला, "म्हंजे नली तुंबली." नवशा गोणपाट टाकून गाडीखाली शिरला. नळी सोडवून तिच्यात तोंडाने फुंकलं. तोंडात पेट्रोल गेलं, खोकला आला, शर्टाची वाट लागली. टाकीपासून पुढेपर्यंत नळी मोकळी होती. पुन्हा जोडली, पुन्हा सेल्फ ओढला. इंजिन घरघरायचं आणि गप्प व्हायचं. राहुकाळ लागला आणि तसाच सरायला आला.

चंद्रा स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली. तुळजा भाकऱ्या थापत होती, तिच्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "वयनी, रागावू नका. एक विचारू?"

"इचार की."

"काल चालत व्हती आन आज नेमकी आमच्या हातात आल्यावर बंद? दादांचं मन हाय ना गाडी द्यायचं?"

"त्यांनी दिली म्हंजे दिली."

"तोंडानं दिली, वयनी. ते मनाबी दिसलं पंचांम्होरं." चंद्राने पाट जवळ सरकवला. मग म्हणाली, "मना सोस न्हाय हो गाडीचा. चालीत ठेवायला जागा न्हाय तिला. ह्यांना हाय. लहानपनी दाजी पुढच्या सीटवर कदी बसवत नव्हते ह्यांना. पुढं दादा, मागं हे. बापाचं कायतरी आपल्याकडं असावं, असं म्हनून रडले हे माज्याजवल. तिशी उलटलेला मानूस."

आपली जाऊ वाईट नाही हे पार्वतीला अशा वेळी फार जाचायचं. वाईट असती तर तिच्यापासून लपवायला बरं वाटलं असतं.

बाहेर नवशा हात पुसत उभा होता. चंद्राने ओसरीवरून काही बोलायला तोंड उघडलं, तसा तो तिच्यावरच खेकसला, "तू गप. दादाला नाही कळलं तर कुणाला कळणार?" पण थोड्या वेळाने त्यानेच मान खाली घालून म्हटलं, "दादा, यूनुसला आणू का बोलावून?"

रघूचा चेहरा पडला. यूनुस ह्याच अंगणात, ह्याच गाडीवर, रघूच्या हाताखाली शिकला होता. आता कल्याण रोडला त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. चेल्याला बोलावून गुरूने बाजूला उभं राहायचं. "आन," रघू म्हणाला.

पाऊण वाजायला आला तेव्हा यूनुस सायकलवरून आला. पांढरा झब्बा, डोक्यावर टोपी, अंगाला अत्तराचा वास. "सलाम, रघूदादा. सलाम, भाभी. आज जुम्मा हाय, नमाजला निघालो व्हतो. नुस्तं बघतो हां, हात काले नाय करनार."

आणि तेवढ्यात कारखाना थांबला. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी गल्लीतले सगळेच कारखाने थांबत. आधी एका बाजूचे लूम बंद झाले, मग दुसऱ्या, आणि शेवटचा एक खटखटत राहिलेला तोही थांबला. एवढी शांतता पडली की विहिरीवर कुणाची तरी कळशी काठाला लागली तेही ऐकू आलं.

"चावी द्या, नवशाभाऊ," यूनुस म्हणाला.

नवशाने चावी फिरवली. कुठे काही नाही. अंगणात आंब्यावरचा कावळा ओरडला तेवढाच.

"दिली का?"

"दिली ना."

"मंग पंप कुठं बोलतोय?" यूनुसने मान वाकडी करून पाहिलं. "पंप तर बंद हाय. तुमाला कोन बोललं चालू हाय म्हनून?"

नवशाने चावीवरचा हात काढला नाही. तोही ऐकत होता. "दादा बोलला," तो सावकाश म्हणाला.

यूनुसला हसू आलं. त्याने खिशातल्या रुमालात पाना गुंडाळला, पंपाच्या डोक्यावर दोन हलक्या टपल्या दिल्या, आणि पंप टिक टिक करू लागला. थोडा वेळ बोलला आणि थांबला. "ओढा सेल्फ," तो म्हणाला. इंजिन एका दमात पेटलं. नवशाने ते लगेच बंद केलं. काखेत कळसा आणि सकाळपासून गावाला वळसा.

"याच्या आतले पॉइंट चिकटतात कधी कधी," यूनुस पाना परत देत म्हणाला. "गप बसला का डोक्यात टपली द्यायची. तुमीच शिकवलं ना ह्ये मला, दादा? पैल्या दिवशी?"

रघू त्याच्या ओठांकडे बघत होता. मग त्याने पार्वतीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. 'तू तर हो म्हणाली होतीस,' एवढंच होतं. पार्वतीला तबक आठवलं, मागून आलेला चंद्राचा आवाज आठवला आणि आपण नारळासाठी हलवलेली मान आठवली. ओसरीचा खांब धरून ती उभी राहिली.

यूनुसने एकदा रघूकडे पाहिलं, एकदा पार्वतीकडे. त्याच्या बापानेही तीस वर्षं लूमवर काढली होती. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "होता है, नवशाभाऊ," तो घाईने म्हणाला. "सकाली बोलत असंल पंप, मंग बंद पडला असंल. मशीन हाय. मशीनचा कय भरवसा?"

"सकालपासून बोलत व्हता आन नेमका तू आल्यावर मुका जाला?" चंद्रा म्हणाली.

नवशाने तिला गप्प केलं नाही ह्या वेळी. तो गाडीतून उतरला. "कार्बोरेटर कोरडा होता, यूनुस. नळी मी फुंकून बघितली, मोकळी होती. पंप बोलत असता तर पेट्रोल वर आलं असतं. सकाळपासून बंदच होता तो."

मशिदीकडून बांग ऐकू येत होती. यूनुस पार्वतीजवळून जाताना "चलतो, भाभी," म्हणाला, आणि सायकल घेऊन गेला.

नवशा रघूच्या समोर येऊन उभा राहिला. ते एक बरं झालं म्हणायचं, कारण समोर असल्यामुळे त्याचं सगळं रघूला कळलं. "दादा, तुला माहीत होतं. यूनुसला तूच शिकवलंस. मी तिथं मातीत पडून नळीत तोंड घालतोय, पेट्रोल गिळतोय, आणि तू बघत उभा होतास?"

पार्वतीचे ओठ हलले. शपथ असो की काही असो, आता सांगून टाकायचं असं तिच्या मनात आलंच होतं. रघूने कमरेपाशी तळहात आडवा केला. कुणाला दिसलंसुद्धा नाही. कारखान्यात त्याचा अर्थ होतो, लूम थांबव. ती थांबली.

"हो," रघू म्हणाला. "बोललो खोटं. दाजींची गाडी हाय ती. सोडवत नव्हती मना."

आतमध्ये तुळजाच्या हातातलं पातेलं आपटल्याचा आवाज आला. आपले बाबा असं करतील, हे तिला खरं वाटत नसणार. पार्वतीला वाटलं, ह्यातलं दुसरं वाक्य तर खरंच आहे. खोटं पचावं म्हणून त्याने त्याच्यात काळजातली खरी गोष्ट घातली होती, आणि तीच आता सगळ्यांना खोटी वाटणार होती.

चंद्रा ओसरीवरून खाली उतरली, पदर खोचला आणि शांतपणे म्हणाली, "सोयरीक मोडनार न्हाय मी, घाबरू नका. पोरीनं कय केलंय? मामाला मी शब्द दिलाय, तो पालीन. उभी ऱ्हाऊन लगीन लावीन. पन अक्षता पडल्या का ह्या घराची पायरी आमाला बंद, दादा. भावाला भाव म्हनून फसवलंत, त्यापरीस तोंडावर न्हाय म्हनला असतात."

सोयरीक मोडणार नाही हे ऐकून पार्वतीला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग त्या वाटण्याची तिला लाज वाटली. एका घरात एकाच दुपारी माणसाला काय काय वाटावं, त्याला काही धरबंद नसतो.

चंद्रा गाडीत जाऊन बसली. रघू भिंतीकडे गेला, उकिडवा बसला आणि पसरलेले पाने एकेक उचलून चिंधीने पुसू लागला. त्याची पाठ अंगणाकडे होती. त्याला आता कुणाचं तोंड बघायचं नव्हतं, आणि तोंड बघायचं नाही म्हणजे त्याच्यापुरतं ऐकायचंही नाही.

नवशाने गाडीचं दार उघडलं. उघडून तसाच उभा राहिला. मग ते हलकेच लोटून तो परत आला आणि रघूच्या मागे दोन हातांवर थांबला.

"दादा," तो म्हणाला.

रघू पाना पुसत होता.

"एवढा जीव होता तर सांगायचं होतंस. पंचांसमोर नाही, मला एकट्याला सांगायचंस. मी मागितली नसती रे." नवशाचा आवाज चिरकत होता. "मला वाटलं, तुला दाजी सगळे मिळाले, मला गाडी तरी मिळेल. तुझी शपथ, दुसरं काही नव्हतं मनात. ठेव तू ती. मी एस्टीने जातो, चंद्राला मी समजावतो. मला कॉलेजात घालायला तू लूमवर गेलास, मी विसरलो नाही. खोटं बोललास ते पण मी विसरतो. फक्त वळ एकदा. काहीतरी बोल माझ्याशी."

गल्लीत कारखाने बंदच होते. एवढी शांतता टेमघरला आठवड्यातून एकदाच पडते. पार्वतीला नवशाचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. तिने एक पाऊल टाकलं. रघूच्या समोर जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला असता तर तो वळला असता, आणि हात लावल्याशिवाय का वळत नव्हता हे त्याच क्षणी नवशाला कळलं असतं. गाडीच्या खिडकीतून चंद्रा इकडेच बघत होती. केसरीनाथची आतेबहीण. आत तुळजा होती. पार्वतीने टाकलेलं पाऊल मागे घेतलं. आयुष्यात तिने पुष्कळ कष्ट उपसले, दोन लेकरं जन्मताच मातीत घातली, पण ह्या एका पावलाएवढं जड तिला काही गेलं नाही.

नवशा थांबला. बराच वेळ थांबला. रघूने पुसलेला पाना खाली ठेवला आणि दुसरा उचलला.

"बरं," नवशा म्हणाला.

तो गेला. गाडी पहिल्याच सेल्फला पेटली, अंगणातून वळली आणि नाक्याच्या दिशेने दिसेनाशी झाली. धुराचा वास आला तेव्हा रघूने मान वर केली आणि मागे पाहिलं. गाडी उभी असायची तिथे तेलाचा काळा डाग आणि हळदकुंकू सांडलेलं होतं.

"गेला?" त्याने विचारलं.

"गेला," पार्वती म्हणाली.

"जाताना कय बोलला का?"

पार्वतीने त्याच्याकडे पाहिलं. सांगितलं असतं तर तो तसाच अनवाणी नाक्यापर्यंत धावत गेला असता. "न्हाय," ती म्हणाली. "कय न्हाय बोलला."

"बोलंल कशाला," रघू म्हणाला. "मी असतो तं मीबी बोललो नसतो." आणि त्याने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

पार्वती ओसरीच्या पायरीवर बसली. तिला ते पोटात ठेवता येईना. तिने त्याच्या पाठीला सांगायला सुरुवात केली, नेहमीच्या आवाजात, जसं कुणी जेवताना सांगतं तसं.

"ठेव म्हनत व्हता वो गाडी. मी यस्टीनं जातो म्हनला. लूमवर गेलेलं विसरलो न्हाय म्हनला. तुमी नुस्तं वलायचं व्हतं. चूक माजी, मी नारलाला मान हलवली. तुमी खोटं बोललाच न्हाय, मीच तुमाला खोटं पाडलं. रडत व्हता वो तो. तुमच्या मागं उभा ऱ्हाऊन रडत व्हता आन तुमाला सांगाया माजं तोंड उघडलं न्हाय."

रघूने पाना उजेडाला धरून पाहिला आणि त्याचं तोंड पुन्हा घासलं.

मागे काही हललं म्हणून पार्वतीने वळून पाहिलं. दारात तुळजा उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. ती आईकडे बघत होती, मग बापाच्या पाठीकडे. रडून तिचे डोळे लाल झाले होते, आणि त्या डोळ्यांत सकाळपासूनची एकेक गोष्ट जुळत गेलेली पार्वतीला दिसली. पार्वती उठायला गेली, पण तुळजा तिच्याजवळ थांबली नाही. ती पायऱ्या उतरली, रघूच्या बाजूने वळसा घालून भिंतीपाशी गेली आणि त्याच्या पुढ्यात बसली. तो वर बघेपर्यंत ती गप्प राहिली. त्याने वर पाहिल्यावर मगच, ओठ सावकाश हलवत, ती म्हणाली, "बाबा, जेवायला चला."